उभ्या गाडीची हिस्टरी

श्रोतेहो, डॉक्टर पेशंटला हात लावण्याआधी त्याची हिस्टरी घेतात. त्रास कधीपासून आहे, पूर्वी असं कधी झालं होतं का, काल काय खाल्लं, कुठे गेला होता, असे चार प्रश्न विचारतात आणि मगच स्टेथोस्कोप कानाला लावतात. माझे वडील आंबेगाव तालुक्यात घोडेगावला डॉक्टर होते. ते म्हणायचे की, निम्मं निदान या चार प्रश्नांतच होऊन जातं. मी स्वतः शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या शिकवल्या, तह शिकवले, लढायांची कारणं आणि परिणाम मुलांकडून पाठ करून घेतले. पण वडिलांच्या त्या 'हिस्टरी' शब्दाचा आणि माझ्या विषयाचा किती जवळचा संबंध आहे, हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, नारायणगावच्या एका मोटार मिस्त्रींकडून. निमित्त झालं वडिलांच्या जुन्या गाडीचं.

ही गाडी म्हणजे १९७९ सालची प्रीमिअर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी. गावात मात्र तिला सगळे 'डॉक्टरांची फियाट' म्हणत. नंबर लावून, वाट पाहून वडिलांनी ती घेतली होती. त्या काळी मोटार दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे आणि गिऱ्हाईक काही वर्षं वाट बघत बसे. पुढे तीस-पस्तीस वर्षं ही गाडी शिनोली, डिंभे, पोखरी या बाजूच्या गावांना व्हिजिटला गेली. मागच्या सीटवर आडवं निजवून तिनं किती बाळंतिणी आणि किती साप चावलेली माणसं मंचरच्या दवाखान्यात पोहोचवली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

या गाडीचं घराणंही आपल्या मातीतलंच. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे मोठ्या धडाडीचे उद्योजक. परकीय सत्तेच्या काळात जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी इथे बनल्या पाहिजेत असा त्यांनी ध्यास घेतला. १९४० साली त्यांच्या पुढाकारानं बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी नातं जुळलं. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. चितोडच्या राणीचं हे नाव. नाव बदललं तरी आतलं इंजिन जवळपास तेच राहिलं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, वर एक कार्बोरेटर.

याच वालचंदांची आणखी एक ओळख आहे. त्यांनी ऊसही लावला. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, या दोन्ही ठिकाणी माळरानावर ऊसमळे आणि साखर कारखाने उभे राहिले ते त्यांच्यामुळे. मोटार आणि ऊस, एकाच माणसाचे हे दोन उद्योग. हे एवढं ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमची फियाट दोनदा बराच काळ उभी राहिली आणि दोन्ही वेळा चालू करताना तिनं त्रास दिला. गाडी तीच, शेडही तीच. दोन्ही वेळा आजार मात्र वेगळा निघाला.

पहिली वेळ १९८७ सालची. पावसाळ्याच्या तोंडावर वडिलांचा पाय मोडला. चार महिने गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सह्याद्रीच्या कुशीतला तो पाऊस. घोडेगावला कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, तिथे पत्र्याखालच्या गाडीची काय कथा! दसऱ्याला गाडीला हार घातला, लिंबू ठेवलं आणि चावी फिरवली. स्टार्टर फिरे, पण इंजिन चालू होईना.

वडिलांनी नारायणगावहून मिस्त्री बोलावले. मंचर जवळ असताना नारायणगावच का, असं कुणी विचारील. कारण तिथल्या तमाशाच्या फडांत आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि गावोगावच्या जत्रा आटोपल्या की संपतो. मग पावसाळाभर तंबू, पेट्या आणि माणसं वाहणारे ट्रक जागेवर उभे राहतात. दसरा जवळ आला की हे सगळे ट्रक एकदम चालू करायचे असतात. त्यामुळे उभ्या गाडीला काय काय होतं, हे ज्ञान तिथल्या गॅरेजांत दरवर्षी ताजं होत आलेलं.

मिस्त्री आले. बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा, हत्यारांची पेटी सांभाळायला. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवा यांचं योग्य मिश्रण, ते दाबून धरणारं सिलिंडर आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. तिन्हींपैकी काय हरवलंय ते आधी शोधायचं. मिस्त्रींनी पहिल्यांदा वडिलांचा ट्रान्झिस्टर मागितला. आम्हाला वाटलं, काम करताना गाणी ऐकायची असतील. पण त्यांनी तो मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला, बॉनेटजवळ धरला आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. रेडिओ नुसताच खरखरत राहिला. "करंट नाही," मिस्त्री म्हणाले.

श्रोतेहो, तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं आहात. रस्त्यावरून जुनी स्कूटर गेली की रेडिओत 'टर्रर्र' असा आवाज येतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. ठिणगी पडते तेव्हा तिच्यातून रेडिओलहरी निघतात. बिनतारी संदेशवहनाची सुरुवातच मुळी ठिणगीपासून झाली. आज त्याच नारायणगावाजवळ खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात, आणि अशी दुर्बीण चालायची तर भोवतालचा हा सगळा विद्युत गोंगाट कमीत कमी असावा लागतो. शास्त्रज्ञांना जो आवाज नको असतो, तोच आमच्या मिस्त्रींना हवा होता.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये धातूचे दोन छोटे तुकडे एकमेकांना टेकतात आणि सुटतात. मिस्त्री त्यांना पॉइंट म्हणतात. दमट हवेनं त्यांच्यावर पातळ थर चढला होता. बारीक पॉलिश पेपर फिरवला, फट बसवली आणि पुन्हा चावी फिरवली. रेडिओत टक् टक् टक् टक्! ठिणगी परत आली. मग कार्बोरेटर उघडला. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि तळाशी मधासारखा चिकट थर राहिला होता. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक भोक. ते बुजलं होतं. पंपाची हवा मारून ते मोकळं केलं. दोन तासांत गाडी चालू झाली. मिस्त्री जाताना वडिलांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बसून राहिलं की माणूस आखडतो, तशी गाडी. दुसरं काही नाही."

त्या वेळी हे खरंच होतं. आजार गाडीच्या आतलाच होता.

दुसरी वेळ २०१९ सालची. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गाडीच्या नोंदणीचं पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी हे करावं लागतं. वडील हट्टानं स्वतः तपासणीला गेले होते. महिन्याभरात ते गेले. पुढे टाळेबंदी आली, आम्ही भावंडं आपापल्या ठिकाणी राहिलो आणि गाडी पुन्हा त्याच शेडमध्ये उभी राहिली. पावणेपाच वर्षं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावानं विषय काढला. नोव्हेंबरात नोंदणीची मुदत संपणार. तपासणीत गाडी पास झाली नाही तर ती भंगारातच द्यायची. भंगारवाल्यानं भावही सांगितला होता. व्यवहाराच्या दृष्टीनं भावाचं चूक नव्हतं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली होती आणि कारखाना बंद होऊन तर जमाना लोटला होता. आई एवढंच म्हणाली, "द्यायची तर द्या. पण एकदा पोखरीपर्यंत नेऊन आणा मला. मग द्या."

मी कामाला लागलो. ओळखीच्या एका तरुण मेकॅनिकनं बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी टॉप गिअर टाकून आम्ही गाडी हलकेच पुढे-मागे ढकलली. उभ्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटलेला असू शकतो. तसाच स्टार्टर मारला तर रिंग मोडते. आमचं इंजिन सुदैवानं मोकळं होतं. पॉइंट घासले, नवी बॅटरी बसवली. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता, ते काढून टाकलं. मग पंपावरून नवं पेट्रोल आणून टाकी भरली. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी चालू झाली. निळसर धूर निघाला, शेजारीपाजारी जमले, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आठ दिवस घोडेगाव ते मंचर गाडी झकास चालली.

नवव्या दिवशी आईला मागे बसवून आम्ही भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो. डिंभ्याचं धरण मागे पडलं, पोखरीचा घाट सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी खोकू लागली. आचके दिले आणि बंद पडली. दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चालू झाली, दोन वळणं चढली, पुन्हा बंद. शेवटी उतारावर वळवून परत आलो. आई काही बोलली नाही. तिचं न बोलणंच मला लागलं.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी कॉम्प्रेशन मोजलं आणि सांगितलं की चारांपैकी दोन सिलिंडरचा दाब फारच कमी आहे, इंजिन उघडून बोअर करावं लागेल, पिस्टन बदलावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून भावानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यापेक्षा भंगारवाला बरा होता.

तेव्हा मला नारायणगावची आठवण झाली. जुने मिस्त्री कधीच वारले होते. पण १९८७ साली हत्यारांची पेटी सांभाळणारा तो मुलगा आता स्वतः मिस्त्री झाला होता. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, दोन मुलं हाताशी. गाडी टेम्पोवर घालून नेली. त्यांनी ओळखली. "डॉक्टरसाहेबांची ना?" म्हणाले आणि बॉनेटला हात न लावता स्टुलावर बसले. मग प्रश्न सुरू झाले. किती वर्षं उभी होती? टाकीत किती पेट्रोल होतं? आधी कुठलं टाकलेलं? चालू केली त्या दिवशी नवं किती टाकलं? थंड असताना बंद पडते की तापल्यावर? सपाटीला पडते की चढाला? थांबलं की आपोआप चालू होते?

मी उत्तरं देत होतो आणि मनात वडिलांचा दवाखाना उभा राहत होता. अगदी तसेच प्रश्न, तशीच शांतपणे ऐकण्याची पद्धत. मी म्हणालो, "मिस्त्री, टाकी फुल्ल केली होती." ते हसले. "सर, उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवलंत. आणि पंगतीतलं जेवण आता बदललंय."

हे बदललेलं जेवण म्हणजे काय, ते जरा इतिहासात शिरून पाहू.

आमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिडग्ले या संशोधकाला आढळलं की शिशाचं एक संयुग मिसळलं तर इंजिन ठोके मारत नाही. जगभर ते पेट्रोलमध्ये जाऊ लागलं. या शिशाचा आणखी एक उपयोग होता. इंजिनातला व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो त्या कड्यावर शिशाचा पातळ थर बसे आणि झीज कमी होई. पण तेच शिसं धुरावाटे हवेत जाई, श्वासातून रक्तात जाई आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरे. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश म्हणजे अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. वडील डॉक्टर होते. या निर्णयाचा त्यांना आनंदच झाला होता. आपल्या गाडीच्या व्हॉल्व्हला याची किंमत मोजावी लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

दुसरा बदल इथेनॉलचा. उसाच्या मळीपासून किंवा रसापासून बनणारं हे अल्कोहोल. ते मोटारीत जाळण्याची कल्पना नवी नाही. त्यासाठीचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता. पण प्रत्यक्षात २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. २०१९ साली आमची गाडी उभी राहिली तेव्हा देशाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच होती. २०२२ साली ती दहा टक्क्यांवर गेली, २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ साली देशानं वीस टक्क्यांची मजल गाठली. आमची गाडी शेडमध्ये स्वस्थ उभी असताना बाहेर पेट्रोलचं स्वरूप असं झपाट्यानं बदललं होतं.

इथेनॉलचे तीन गुण जुन्या गाडीला जाचक होतात. एक, ते हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाजवळच असते. दोन, ते चांगलं द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीत आणि नळ्यांत चिकटून बसलेला मळ ते सोडवतं आणि पुढे ढकलतं. तीन, जुन्या काळचं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यानं मिश्रण थोडं पातळ होतं. नव्या गाड्यांत संगणक ते ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. आमच्या कार्बोरेटरचं भोक १९७९ साली जेवढं होतं तेवढंच.

मिस्त्रींनी पेट्रोलपंप उघडला. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या या पंपात रबरी पडदा असतो, तो वर-खाली होऊन टाकीतलं पेट्रोल ओढतो. पडदा भिजलेल्या पापडासारखा झाला होता. सपाटीला लागतं तेवढं पेट्रोल तो कसंबसं देत होता, चढाला इंजिनाची भूक वाढली की कमी पडत होता. थांबलं की वाटी हळूहळू पुन्हा भरे, म्हणून गाडी पुन्हा चालू होई. कार्बोरेटरच्या तळाशी तपकिरी गाळ होता, टाकीतून सुटून आलेला. म्हणजे पहिले आठ दिवस गाडी चांगली चालली हा योगायोग नव्हता. नव्या पेट्रोलला जुना मळ सोडवायला आणि रबर फुगवायला तेवढे दिवस लागले होते.

"आणि कॉम्प्रेशन?" मी विचारलं. मिस्त्रींनी दाब मोजला. खरंच दोन सिलिंडरमध्ये कमी होता. शहरातल्या गॅरेजनं मोजमाप चुकवलं नव्हतं, पुढचा प्रश्न विचारला नव्हता. मिस्त्रींनी त्या दोन सिलिंडरमध्ये चमचा-चमचा ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. दाब वाढला तर ऑइलनं पिस्टनच्या रिंगांची फट बुजवली, म्हणजे दोष रिंगांचा. वाढला नाही तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये. दाब वाढला नाही. मग त्यांनी टॅपेटचं झाकण काढून फिलर गेजनं फट पाहिली. त्या दोन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट जवळजवळ नाहीशी झाली होती. शिसं गेल्यावर कडं झिजत गेलं, व्हॉल्व्ह वर सरकत गेला आणि शेवटी तो नीट मिटेनासा झाला. फट बसवली आणि दाब मोजला. बाकीच्या दोघांच्या जवळ आला. बोअर नाही, पिस्टन नाही. नवा इथेनॉल सोसणारा पडदा, नव्या नळ्या, एक फिल्टर, टाकीची सफाई आणि टॅपेट. एवढंच.

शिकवताना मी वर्गात म्हणायचो की घटनेचं कारण घटनेच्या जागीच सापडेल असं नाही. इथे ते डोळ्यांनी पाहिलं. गाडीत दोन दोष होते. एक २००० सालच्या निर्णयाचा, एक त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांतल्या धोरणाचा. गाडी उभी होती, जग उभं नव्हतं. १९८७ साली गाडीची तब्येत गाडीतच शोधून चाललं. २०२४ साली ती नुसती गाडीत शोधली म्हणून निदान चुकलं आणि एक चांगलं इंजिन भंगारात जाता जाता वाचलं.

याचा अर्थ हे बदल वाईट होते, असं मात्र मी म्हणणार नाही. शिसं गेलं ते आपल्या मुलांच्या भल्यासाठी. इथेनॉलचं म्हणाल तर जुन्नर-आंबेगावच्या माणसानं त्याबद्दल तक्रार करायला जरा जड जातं. डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळ आंबेगावच गेलं, ज्याच्या नावानं आमचा तालुका ओळखला जातो. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने त्या उसावर उभे राहिले. इथेनॉलमुळे उसाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, परदेशी तेलाचा खर्च थोडा वाचला. मिस्त्रींना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "सर, माझा पण दोन एकर ऊस आहे." वालचंदांनी एका हातानं मोटार उभी केली आणि दुसऱ्या हातानं ऊस. सत्तर-ऐंशी वर्षांनी ते दोन्ही एका टाकीत एकत्र आले. मध्ये एक रबरी पडदा होता, त्याची आठवण कुणाला राहिली नव्हती.

ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी मिस्त्रींचे चार शब्द सांगतो. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच बंद करा. पंधरा दिवसांनी एकदा गाडी नुसती चालू करून बंद करू नका, पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणा. बराच काळ उभी असेल तर चावीला हात लावण्याआधी प्लग काढून ऑइल सोडा. पंपाचा पडदा, नळ्या आणि सुईचं रबर आताच्या पेट्रोलला चालणारं आहे का, ते आधी बघून घ्या. आणि कुणी एकदम इंजिन उघडायचं म्हणालं, तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा दाब मोजायला सांगा.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पुन्हा पोखरीच्या घाटाला लागलो. या वेळी गाडी खोकली नाही. डिंभ्याचं पाणी खाली दिसू लागलं तेव्हा आई काचेला टेकून बाहेर बघत होती. एका वळणावर म्हणाली, "इथं गिअर बदलायचे ते." मी बदलला. नोव्हेंबरात तपासणी झाली, गाडी पास झाली, नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली. भंगारवाल्याला निरोप भावानंच दिला.

गाडी ताब्यात देताना मिस्त्रींनी पैशांच्या हिशेबाबरोबर माझ्याकडून एक वही मागवून घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं तारीख घातली आणि खाली लिहिलं: पडदा बदलला, नळ्या बदलल्या, टॅपेट बसवले, पेट्रोल वीस टक्केवालं. मग वही माझ्या हातात देत म्हणाले, "सर, ही डिकीत ठेवा आणि लिहीत जा. मी काय कायमचा नाही. पुढच्या मिस्त्रीला हिस्टरी कोण सांगणार?"

वही डिकीतच आहे. त्या पहिल्या पानाखाली मी १९८७ ची नोंदही करून ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)